लाल सोनं: नॅनोकण घडवण्याची आणि पारखण्याची कृती

सोनं पिवळं असतं, असं आपण धरून चालतो. त्याच सोन्याचे 16 नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगते ठेवले, की पाणी डाळिंबी लाल दिसतं. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या लाल द्रावणांबद्दल व्याख्यान दिलं, आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे असं सांगितलं. आज तो रंग मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर रेघ होऊन उमटतो.

नॅनो-औषधांबद्दल बोलताना सगळा भर धातूच्या नावावर असतो: सोनं चांगलं, चांदी जंतुनाशक. शरीराची गाठ मात्र थेट धातूशी क्वचितच पडते. ती पडते कणाच्या आकाराशी आणि त्याच्यावर बसलेल्या आवरणाशी. हे वाचून पटण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून पटतं, म्हणून ही कृती. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एका दुपारी ती पुरी होते. घरच्या स्वयंपाकघरात करायची नाही.

साहित्य

- क्लोरोऑरिक आम्ल (रसायनांच्या दुकानात याला 'गोल्ड क्लोराइड'ही म्हणतात), 1 ग्रॅमची सीलबंद कुपी
- ट्रायसोडियम सायट्रेट, 0.5 ग्रॅम
- प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ (सोडियम क्लोराइड), 15 ग्रॅम
- जिलेटिन, 0.1 ग्रॅम
- दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं पाणी, 1 लिटर
- 100 मिलीचा शंक्वाकृती चंबू, सहा परीक्षानळ्या, पिपेट, तपकिरी बाटल्या
- तापवण्याची सोय असलेला मॅग्नेटिक स्टरर
- गर्भचाचणीच्या दोन पट्ट्या आणि एक भिंग
- चष्मा, हातमोजे, ॲप्रन

नळाचं पाणी अजिबात चालत नाही. त्यातले क्षारच कणांना एकत्र ओढतात. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणाऱ्या पाण्याचाही भरवसा धरू नका.

पूर्वतयारी: काच स्वच्छ हवी

या प्रयोगात बहुतेक वेळा घात होतो तो काचेला चिकटलेल्या जुन्या रसायनांमुळे. संशोधनशाळांत भांडी आम्लराजाने धुतात: तीन भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग तीव्र नायट्रिक आम्ल. हे मिश्रण विषारी वायू सोडतं, झाकण लावून ठेवलं तर बाटली फुटू शकते. ते काम फ्यूम हूडमध्ये आणि अनुभवी माणसानेच करायचं. विद्यार्थ्यांसाठी सोपा मार्ग म्हणजे नवा चंबू आणि नवा स्टरर-मणी घेणं, ते साबणाने धुणं, दहा-बारा वेळा ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून काढणं आणि पुढे फक्त याच प्रयोगासाठी राखून ठेवणं. साबणाचा अंश राहिला, तर पुढची मीठ-चाचणी फसवी निघते.

टप्पा पहिला: द्रावणं

1. सोन्याचं मूळ द्रावण (1%). कुपीतलं सगळं रसायन 100 मिली पाण्यात विरघळवा. थोडं थोडं वजन करत बसू नका, कारण ते हवेतली ओल ओढून लगेच चिकट होतं. धातूचा चमचा लावायचा नाही; धातू लागला की तिथेच सोनं सुटायला लागतं. तपकिरी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. कातडीवर सांडलं तर दाह होतो आणि जांभळा डाग कित्येक दिवस जात नाही, म्हणून हातमोजे काढू नका.
2. सायट्रेट (1%). 0.5 ग्रॅम घेऊन एकूण 50 मिली करा. हे त्याच दिवशी बनवा. सायट्रेटवर जंतू आनंदाने वाढतात, शिळं द्रावण नीट काम देत नाही.
3. मीठ (10%). 10 ग्रॅम मीठ, एकूण 100 मिली.
4. जिलेटिन (0.1%). 0.1 ग्रॅम जिलेटिन थोड्या गार पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या, मग कोमट पाणी घालून विरघळवा आणि एकूण 100 मिली करा. यातलं 1 मिली घेऊन 10 मिली केलं की 0.01%. तसंच पुढे 0.001% आणि 0.0001% करा. चार बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा.

टप्पा दुसरा: कण घडवणं

जॉन टर्केविच आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये अभ्यासलेली आणि जी. फ्रेन्स यांनी 1973 मध्ये आकारानुसार बसवून दिलेली ही पद्धत अजून जगभर वापरली जाते.

1. चंबूत 49.5 मिली पाणी घ्या, त्यात सोन्याचं मूळ द्रावण 0.5 मिली घाला. रंग अगदी फिकट पिवळा दिसेल. यात सुमारे 2.5 मिलिग्रॅम सोनं आहे.
2. स्टरर चालू ठेवून द्रावण खळखळून उकळू द्या. तोंडावर काचेची तबकडी ठेवा, म्हणजे पाणी फार आटत नाही.
3. उकळी जोरात असतानाच 1 मिली सायट्रेट एकदम घाला. थेंब थेंब सोडायचं नाही. सायट्रेट एका क्षणी सगळीकडे पोचलं, तर कणांची बीजं एकाच वेळी पडतात आणि सगळे कण सारख्या मापाचे वाढतात.
4. आता नजर हलवू नका. पिवळेपणा आधी पार जातो आणि द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. मग करडी-निळसर झाक येते, ती गडद होत जवळजवळ काळपट होते, काळ्यातून जांभळा फुटतो आणि जांभळ्याचा लाल होतो. हे सगळं काही मिनिटांत घडतं. प्रत्येक रंग आला की वेळ नोंदवा.
5. लाल रंग स्थिर झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवा. मग आच बंद करून ढवळत ढवळतच थंड होऊ द्या. आटलेलं पाणी भरून पुन्हा 50 मिली करा.

सायट्रेट इथे दोन कामं करतं. आधी ते सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचं धातूत रूपांतर करतं. मग कणांच्या पृष्ठभागावर बसून सगळ्यांना ऋण प्रभार देतं. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण तरंगत राहतात.

आकार बदलायचा असेल तर सायट्रेटचं प्रमाण बदला. फ्रेन्स यांच्या मोजणीप्रमाणे एवढ्याच सोन्याला 1 मिली सायट्रेट दिलं की कण सुमारे 16 नॅनोमीटरचे होतात, 0.75 मिलीला 24.5, 0.5 मिलीला 41 आणि 0.3 मिलीला 71.5 नॅनोमीटरचे. सायट्रेट जितकं कमी, तितकी बीजं कमी पडतात. तेवढंच सोनं थोड्या कणांत वाटलं जातं आणि प्रत्येक कण मोठा होतो. मोठ्या कणांच्या द्रावणात लालाकडून जांभळट झाकेकडे जाणारा फरक डोळ्यांना दिसतो.

टप्पा तिसरा: पहिली पारख, प्रकाशाने

1. द्रावण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीत स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तपासा. 520 नॅनोमीटरच्या आसपास एकच, नेटका उंचवटा यायला हवा. त्या ठिकाणी शोषण साधारण 1 च्या जवळ येतं. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन या हिरव्या प्रकाशाबरोबर एकत्र झुलतात आणि तो शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो.
2. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर हिरव्या फिल्टरचा कलरीमीटर चालतो. उंचवटा दिसणार नाही, पण नळ्यांची आपसात तुलना करता येईल.
3. उंचवटा पसरट असेल किंवा 600 च्या पुढे सरकला असेल, तर कण एकत्र चिकटले आहेत. हे द्रावण पुढे वापरू नका.

टप्पा चौथा: दुसरी पारख, मिठाने

हा या कृतीचा गाभा आहे. सहा नळ्या मांडा आणि प्रत्येकीत 5 मिली लाल द्रावण घ्या.

- नळी 1: 1 मिली पाणी घाला. ही तुलनेसाठी.
- नळी 2: 0.5 मिली पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, मग 0.5 मिली मिठाचं द्रावण.
- नळी 3, 4, 5 आणि 6: अनुक्रमे 0.1%, 0.01%, 0.001% आणि 0.0001% जिलेटिन, प्रत्येकी 0.5 मिली. हलकेच हलवा, दहा मिनिटं थांबा, मग प्रत्येकीत 0.5 मिली मिठाचं द्रावण.

नळी 2 कडे बघा. मीठ पडताच लाल रंग जांभळा होतो आणि काही सेकंदांत निळा-करडा. मिठातले सोडियमचे आयन कणांवरच्या ऋण प्रभाराला झाकून टाकतात, लोटणारं बळ संपतं आणि कण एकमेकांना चिकटतात. सोनं तेच, वजन तेच; कण जवळ आले एवढ्यानं रंग पालटला.

नळी 3 आणि 4 मात्र लालच राहतात. जिलेटिनच्या साखळ्यांनी कणाभोवती आवरण धरलं आहे, आता मिठाचं काही चालत नाही. नळी 6 निळी पडते, कारण तिथलं जिलेटिन सगळ्या कणांना पुरलं नाही. नळी 5 सीमेवर असते; कुणाची लाल राहते, कुणाची जांभळी होते. तुमची कुठे गेली ते प्रामाणिकपणे लिहा.

रिचर्ड झिग्मोंडी यांनी हीच परीक्षा मोजमापात बसवली आणि तिला 'सुवर्णांक' म्हणतात: 10 मिली सुवर्णद्रावणात 1 मिली 10% मीठ घातल्यावर रंग पालटू नये, यासाठी किमान किती मिलिग्रॅम संरक्षक पदार्थ लागतो. जिलेटिनचा सुवर्णांक 0.005 ते 0.01 आहे, बटाट्याच्या स्टार्चचा सुमारे 25. आपण सगळं निम्म्याने घेतलं आहे, म्हणून नळी 5 मधलं 0.005 मिलिग्रॅम जिलेटिन नेमकं सीमेवर येतं. अशा तरंगत्या कणांच्या, म्हणजे कलिल, द्रावणांवरच्या कामासाठी झिग्मोंडींना 1925 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता एक हिशेब करा. नळी 2 मध्ये एकूण 6 मिली द्रावणात 50 मिलिग्रॅम मीठ आहे, म्हणजे सुमारे 0.83%. दवाखान्यातल्या सलाइनमध्ये मीठ 0.9% असतं आणि रक्ताची क्षारता त्याच्याशी मिळतीजुळती. याचा अर्थ, उघडे कण नुसत्या रक्ताइतक्या खारट पाण्यातसुद्धा टिकत नाहीत. रक्तात ते टिकतात, कारण तिथली प्रथिनं क्षणार्धात त्यांच्यावर बसतात. शास्त्रज्ञ या आवरणाला 'प्रोटीन कोरोना' म्हणतात. पुढे यकृतातली पेशी त्या कणाला ओळखते ती या आवरणावरून.

आवरणाला एवढं महत्त्व का, हेही आकड्यांत दिसतं. चंबूतलं 2.5 मिलिग्रॅम सोनं एकाच मण्यात गोळा केलं, तर तो खसखशीच्या दाण्याहूनही लहान, जेमतेम 0.6 मिलिमीटरचा होईल आणि त्याचा पृष्ठभाग 0.012 चौरस सेंटिमीटर भरेल. 16 नॅनोमीटरच्या कणांत वाटलेल्या त्याच सोन्याचा पृष्ठभाग सुमारे 480 चौरस सेंटिमीटर होतो. शरीराशी व्यवहार होतो तो या पृष्ठभागावर.

टप्पा पाचवा: पट्टी उघडून पाहा

1. एका पट्टीचं प्लास्टिकचं आवरण काढा आणि भिंगाखाली धरा. ज्या टोकाला लघवीचा थेंब टाकतात तिथे पांढरी शोषक गादी आहे. तिच्या शेजारी अरुंद, गुलाबी-लाल गादी दिसेल. हा रंग म्हणजे वाळवून ठेवलेले सोन्याचे कण, आणि त्यांच्यावर प्रतिपिंडांचं आवरण आहे. पुढे पांढरा पातळ पडदा, शेवटी पुन्हा शोषक गादी.
2. दुसऱ्या पट्टीवर 0.9% मिठाच्या पाण्याचे तीन-चार थेंब टाका. लाल रंगाचा लोट पडद्यावरून सरकताना दिसतो. चाचणीची रेघ येत नाही, पण नियंत्रणाची रेघ उमटते.
3. सोनं निळं का पडलं नाही? तुमच्या नळी 3 चं आणि या पट्टीचं उत्तर एकच: कणावर प्रथिनाचं आवरण आहे. खारट लघवीत चाचणी चालते ती त्यामुळेच.

गर्भवती स्त्रीच्या लघवीतलं एचसीजी हे संप्रेरक एका बाजूने सोन्यावरच्या प्रतिपिंडाला आणि दुसऱ्या बाजूने पडद्यावर चिकटवलेल्या प्रतिपिंडाला धरतं. मध्ये संप्रेरक असलं तरच सोनं त्या जागी अडतं आणि रेघ दिसते. प्रतिपिंडांना सोन्याची खूण जोडण्याची कल्पना फॉक आणि टेलर यांनी 1971 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मांडली होती. कोविडच्या काळात घरोघरी वापरलेल्या अनेक जलद चाचण्याही याच तत्त्वावर होत्या.

शरीरात गेल्यावर काय होतं

*आकार.* सुमारे 5.5 नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन बाहेर पडू शकतात. त्याहून मोठे बहुतांशी यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींत जाऊन साठतात आणि तिथे दीर्घकाळ राहू शकतात. 2007 मध्ये जर्मन संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर दाखवलं, की 1.4 नॅनोमीटरचे सुवर्णकण पेशी मारतात, तर 15 नॅनोमीटरचे त्याहून कितीतरी जास्त मात्रेतही मारत नाहीत. धातू एकच, परिणाम दोन.

*किरणोपचार.* जेम्स हेनफेल्ड यांच्या गटाने 2004 मध्ये कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना 1.9 नॅनोमीटरचे सुवर्णकण देऊन क्ष-किरण दिले. वर्षभराने 86% उंदीर जिवंत होते. नुसत्या क्ष-किरणांवर ठेवलेल्यांपैकी 20%. सोनं क्ष-किरण जोरात शोषतं आणि त्यातली ऊर्जा गाठीतच सोडतं. हा निकाल उंदरांमधला आहे, हे विसरू नये.

*उष्णता.* राइस विद्यापीठातल्या नेओमी हेलास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचं कवच चढवलेले कण वापरले. शरीराच्या ऊतींतून आत शिरू शकणारा अवरक्त प्रकाश ते शोषतात आणि तापून गाठ जाळतात. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या या कणांच्या पहिल्या चाचणीचे 16 रुग्णांचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं काम इथे आवर्जून सांगायला हवं. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये गवती चहाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे सपाट त्रिकोणी कण मिळवले. तेही अवरक्त प्रकाश शोषतात. मात्र वनस्पतीपासून बनवले म्हणून कण आपोआप निर्धोक होत नाहीत. अर्कातले कोणते रेणू आवरण म्हणून बसले, हे तिथेही तपासावंच लागतं.

*चांदी.* चांदीचे कण हळूहळू आयन सोडतात आणि ते आयन जंतूंची प्रथिनं निकामी करतात. भाजलेल्या जखमांच्या पट्ट्यांत चांदी वापरतात ती त्यामुळे. हेच आयन आपल्या पेशींनाही त्रास देऊ शकतात. चांदीचं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची कातडी निळसर-करडी होते आणि तो रंग जात नाही. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्येच स्पष्ट केलं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाणारी कलिल चांदीची औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत.

म्हणून मनापासून सांगणं आहे: तुम्ही बनवलेलं लाल द्रावण कुणीही पिऊ नये, जखमेवर लावू नये. ते निर्जंतुक नाही आणि त्यात सायट्रेट व न वापरली गेलेली रसायनं आहेत.

काही बिघडलं तर

- *रंग जांभळ्यावरच थांबला:* काच अस्वच्छ आहे किंवा सायट्रेट कमी पडलं.
- *रंगच आला नाही:* उकळी पुरेशी नव्हती, किंवा मूळ द्रावण खराब झालं आहे.
- *तळाशी काळा गाळ बसला:* पाण्यात क्षार होते, किंवा जुना स्टरर-मणी वापरला.
- *नळी 2 लालच राहिली:* नळीत साबण किंवा प्रथिनाचा अंश होता. नवी नळी घेऊन पुन्हा करा.

साठवण आणि विल्हेवाट

लाल द्रावण तपकिरी बाटलीत फ्रीजमध्ये महिनोन्महिने टिकतं. गोठू मात्र द्यायचं नाही. गोठलं की कण चिकटतात. वापरून झालेलं काहीही बेसिनमध्ये ओतू नका. सगळं एका बरणीत जमा करा आणि वर भरपूर मीठ घाला. रात्रभरात बरंचसं सोनं तळाशी बसतं. ते आणि वरचं पाणी प्रयोगशाळेच्या धातू-कचऱ्यात द्या.

शेवटचा टप्पा: नोंद

वहीत चार गोष्टी लिहा: सायट्रेटचं प्रमाण, शोषणाचा उंचवटा, सहाही नळ्यांचा रंग आणि त्यावरून निघालेला तुमच्या जिलेटिनचा सुवर्णांक. त्याखाली पाच प्रश्न उतरवून ठेवा: कण कोणत्या धातूचा, किती मापाचा, त्यावर आवरण कशाचं, मात्रा किती, आणि तो शरीरातून बाहेर कसा पडतो? नॅनो नावाचं कोणतंही औषध, टॉनिक किंवा मलम समोर आलं, की हे पाच प्रश्न विचारा. ज्याची उत्तरं विकणाऱ्याला देता येत नाहीत, ते घेऊ नका.